व्हॉट्सॲपवर पोलिसांची नोटीस आलीये, दंड भरून मोकळी होऊ का?

प्रश्न : वकीलकाकू, नमस्कार. मी २३ वर्षांची, मूळची तासगावकडची, पुण्यात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी आम्ही अकरा जण गाझासाठी फुटपाथवर पाट्या घेऊन तासभर उभे होतो. माझ्या पाटीवर 'मुलांवर बॉम्ब टाकू नका' एवढंच होतं, एका मैत्रिणीच्या हातात पॅलेस्टाइनचा झेंडा होता. रस्ता अडवला नाही. परवानगी मात्र घेतली नव्हती. पोलिसांनी गाडीत घालून पोलीस स्टेशनला नेलं, दोन-अडीच तास बसवलं, नाव-पत्ता-नंबर लिहून घेतला, एका कागदावर सही घेतली आणि सोडलं. आता परवा हवालदारांनी व्हॉट्सॲपवर नोटिशीचा फोटो पाठवलाय, कलम ३५(३), गुरुवारी अकरा वाजता हजर राहा. कलमं लावलीत बीएनएस (भारतीय न्याय संहिता) २२३, १८९(२) आणि महाराष्ट्र पोलीस कायदा ३७(१)(३) सह १३५. मला पुढच्या वर्षी पीएचडीला बाहेर जायचंय, पासपोर्टसुद्धा अजून काढलेला नाही. बाबांच्या ओळखीतले एक जण म्हणतात, गुन्हा कबूल करा, पाचशे रुपये दंड भरा, विषय संपला. काकांनी बातमी फॉरवर्ड केली की हायकोर्टानेच असली निदर्शनं चुकीची ठरवलीत. फोनमधला ग्रुप उडवून टाकू का? झोप लागत नाहीये.

उत्तर : अगं, फोनपासून सुरू करते, कारण बाकी सगळं गुरुवारपर्यंत थांबेल, हे थांबणार नाही. काहीही डिलीट करू नको. ग्रुप नाही, फोटो नाही, त्या दिवशीची स्टोरीसुद्धा नाही. तुझ्यावर लावलेलं २२३ साध्या प्रकारात सहा महिन्यांपर्यंतच्या साध्या कैदेचं कलम आहे आणि पुरावा म्हणून लागू शकेल असा इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड मुद्दाम नष्ट केला तर बीएनएस २४१, त्यात तीन वर्षांपर्यंत. म्हणजे उंदराच्या भीतीने बाहेर पळायचं आणि विहिरीत पडायचं. आणि लपवण्यासारखं त्या ग्रुपमध्ये आहे तरी काय, किती वाजता भेटायचं, कार्डशीट कोण आणणार, चहाचे पैसे कोणी दिले. असू दे तिथेच.

दुसरं, ते पाचशे रुपये. बाबांना आजच सांग की त्या ओळखीच्या गृहस्थांचं ऐकू नका. वाईट हेतूने सांगत नसतील ते, कोर्टाच्या आवारात हा सल्ला चहासोबत फुकट मिळतो आणि हेल्मेटच्या पावतीसाठी तो ठीकही आहे. पण गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे दोषी ठरणं, शिक्षा फक्त दंडाची एवढंच. माझ्याकडे एक मुलगा आला होता, हॉस्टेलच्या फी-वाढीच्या आंदोलनातली केस त्याने अशीच दंड भरून 'मिटवली' होती, आणि तीन वर्षांनी व्हिसाच्या फॉर्मवर 'तुम्हाला कधी कोणत्या गुन्ह्यात दोषी ठरवलंय का' या चौकोनापुढे पेन धरून बसला होता. केस लढला असता तर बहुतेक उभीच राहिली नसती. तुझी पण राहील असं मला वाटत नाही, का ते सांगते.

२२३ म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतलं १८८, सरकारी अधिकाऱ्याने कायदेशीरपणे काढलेला आदेश मोडणं. याची गंमत अशी की पोलिसांनी एफआयआर करून चार्जशीट टाकली तरी तेवढ्यावर कोर्टाला दखल घेता येत नाही, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम २१५ प्रमाणे ज्या अधिकाऱ्याचा आदेश मोडला त्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने कोर्टात स्वतः लेखी तक्रार द्यावी लागते. हे दरवेळी विसरलं जातं. शिवाय सहा महिन्यांच्या गुन्ह्याची दखल घ्यायला कलम ५१४ मध्ये एक वर्षाची मुदत आहे, ती गेली की गेली.

१८९(२) म्हणजे बेकायदेशीर जमाव. पाच किंवा जास्त लोक जमले म्हणजे जमाव बेकायदेशीर होत नाही, नाहीतर प्रत्येक वडापावच्या गाडीवर गुन्हा दाखल करावा लागेल. त्या जमावाचा हेतू कायद्यात दिलेल्या यादीतला लागतो, जबरदस्ती करणं, मालमत्ता बळकावणं, कायद्याच्या अंमलबजावणीला विरोध करणं वगैरे. पाटी धरून गप्प उभं राहणं त्या यादीत नाही. फक्त एक मला खरं सांग, पोलिसांनी आधी 'इथून निघा' असं सांगितलं होतं का आणि तुम्ही नाही निघालात का? तसं असेल तर वेगळं बोलावं लागेल.

आता महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ३७, म्हणजे मनाई आणि जमावबंदीचा आदेश. पुण्यात काय, मुंबईत काय, हा आदेश वर्षभर पाळीपाळीने निघत असतो, सणवार, निवडणुका, मोर्चे, काहीही कारण. पण ३७(३) चा जमावबंदी आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांच्या वर चालत नाही. म्हणून पहिलं काम, त्या रविवारी तो आदेश लागू होता का, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्यात नक्की कशाला मनाई आहे, हे बघणं. मी असे आदेश पाहिलेत ज्यात शस्त्रं, लाठ्या, दगड, पुतळे जाळणं हे सगळं आहे आणि तुझ्या पाटीला लागू पडेल असं एक वाक्य नाही. आणि नुसतं ३७(३) मोडलं असेल तर १३५ मध्ये शिक्षा दंडाचीच आहे, जरब बसते ती ३७(१) ची, तो मुख्यतः हत्यारं आणि भडकावण्याबद्दलचा भाग. एफआयआरमध्ये दोन्ही जोडून लिहायची सवयच पडलीये.

याच कलमावर आपल्याकडचाच निकाल आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये माजलगावला सीएए म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरोधात शांततेत धरणं धरायचं होतं, बीड जिल्ह्यात ३७ चा आदेश पुढे करून ते अडवलं, तर औरंगाबाद खंडपीठाने तो आदेशच रद्द केला आणि लिहिलं की फक्त एखाद्या कायद्याला विरोध करतात म्हणून लोकांना गद्दार किंवा देशद्रोही म्हणता येत नाही. हा निकाल तुझ्या वकिलाच्या फाईलमध्ये पाहिजेच. जुना अजून एक, १९७२ चा सुप्रीम कोर्टाचा, अहमदाबादच्या हिंमतलाल शाहांचा, तोही याच आपल्या कायद्यावरचा, तेव्हा त्याचं नाव मुंबई पोलीस कायदा होतं : सार्वजनिक रस्त्यावर सभेला नियम घालता येतात, पण परवानगी देणं न देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर मोकाट सोडता येत नाही.

काकांची बातमी खोटी नाही, अर्धी आहे. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर गाझासाठी सभा घ्यायला पोलिसांनी परवानगी नाकारली म्हणून माकप हायकोर्टात गेला, तेव्हा कोर्टाने सुनावताना म्हटलं की आपल्या देशात काय कमी प्रश्न आहेत, त्यावर बोला की. मला ते बोलणं पटलं नाही, वकील म्हणून नाही आणि माणूस म्हणूनही नाही. कोणत्या विषयावर दुःख करायचं याची यादी संविधानाच्या १९(१)(अ) मध्ये, म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्याच्या कलमात नाहीये. पण ते पटलं न पटलं बाजूला ठेव, याचिका फेटाळताना मुद्दा होता तो असा की परवानगीचा मूळ अर्ज दुसऱ्या संघटनेचा होता, पक्षाचा नव्हता. तोंडी शेरे म्हणजे कायदा नव्हे. आणि काकांनी पुढचं फॉरवर्ड केलं नाही : ऑगस्टमध्ये परत अर्ज झाला, परत कोर्टात गेले, आणि पोलिसांनीच २० ऑगस्टला दुपारी ३ ते ६ आझाद मैदानाची परवानगी दिली. सभा झाली. तोच विषय, तेच मैदान.

झेंड्याची पण काळजी वाटतेय ना तुला? भारताने १९८८ सालीच पॅलेस्टाइनला देश म्हणून मान्यता दिलीये, दिल्लीत त्यांचा दूतावास आहे, तिथे हाच झेंडा फडकतो. तो हातात धरायला मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही. काही राज्यांत झेंड्यावरून गुन्हे दाखल झालेत हे खरं, पण ते शांतता भंग, तेढ असली कलमं लावून. तुमच्या पाट्यांवर कुठल्या सशस्त्र संघटनेचं नाव किंवा कुठल्या धर्माबद्दल काही असतं तर माझं उत्तर इतकं निवांत नसतं, तेव्हा अकराच्या अकरा पाट्यांचे फोटो मला बघायला लागतील, फक्त तुझ्या नाही.

गुरुवार. व्हॉट्सॲपवर बीएनएसएस ३५(३) ची नोटीस बजावता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलंय आणि हरियाणाने ते बदलून मागितलं तेव्हा जुलैमध्ये परत नाही म्हटलंय. तरीसुद्धा तू जायचं. हा मुद्दा वकिलाने कोर्टात वापरायचा, तू हवालदारासमोर नाही. जायचं कारण सोपं आहे, हजर राहून सहकार्य केलं तर कारणं लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही, आणि न जाणं हेच त्यांच्या हातात कारण देणं.

जाताना नोटिशीची प्रिंट घे, हजर झाल्याची वेळ घालून पोच माग, देत नसतील तर पोलीस स्टेशनच्या बोर्डाखाली उभी राहून घरच्यांना मेसेज टाक, वेळ राहते त्यात. आई किंवा बाबांना बरोबर ने, बाहेर बाकावर बसू देत. वकील बरोबर असलेला चांगला, चौकशीच्या खोलीत पूर्ण वेळ बसू देतीलच असं नाही. पैशाची अडचण असेल तर शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तुझा हक्क आहे तो, हेल्पलाइन १५१००. जबाब देताना कुठे होते, किती वेळ, पाटीवर काय होतं, एवढं खरं खरं सांग. 'कोणी बोलावलं, पैसे कोणी दिले' वर घसरले तर स्वतःला अडकवणाऱ्या प्रश्नाला उत्तर न देण्याची मुभा कायद्यातच आहे, शांतपणे 'वकिलांशी बोलून सांगते' म्हण, उद्धटपणा नको, ते सुद्धा बारा-बारा तास ड्युटीवर असतात. पोलिसांपुढच्या जबाबावर सही लागत नाही. 'परत असं करणार नाही, चूक झाली' असा माफीनामा पुढे सरकवतील, तो तर अजिबात नाही. फोन मागितला तर पंचनामा आणि पावतीशिवाय द्यायचा नाही, पासवर्डचं वकिलाला विचारल्याशिवाय हो म्हणायचं नाही.

पासपोर्ट. ऐक, एफआयआर असणं आणि कोर्टात खटला चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पासपोर्ट नाकारायचं कलम, पासपोर्ट कायद्याचं ६(२)(एफ), दुसऱ्याला म्हणजे चालू खटल्याला लागू होतं. परराष्ट्र मंत्रालयाचं १० ऑक्टोबर २०१९ चं कार्यालयीन पत्रच आहे की नुसता एफआयआर किंवा तपास चालू असणं यात येत नाही. म्हणून चार्जशीट जायच्या आत अर्ज कर, या आठवड्यात केलास तरी चालेल. व्हेरिफिकेशनला पोलीस विचारतील, तेव्हा गुन्हा सांगायचा, लपवायचा नाही, माहिती दडवली तर तो स्वतंत्र गुन्हा. रिपोर्ट उलटा गेला तर पासपोर्ट ऑफिसचं पत्र येतं, त्याला एफआयआरची कॉपी आणि ते २०१९ चं पत्र जोडून उत्तर द्यायचं. चार्जशीट झालीच आणि कोर्टाने दखल घेतली तरी दार बंद नाही, १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे कोर्टाची परवानगी आणली की पासपोर्ट मिळतो, मुदत कोर्ट म्हणेल तेवढी, काहीच नाही म्हटलं तर एक वर्ष.

कुठल्या देशात चाललीयेस ते लिहिलं नाहीस. अमेरिका असेल तर तिथल्या फॉर्मवर कधी अटक झालीये का हे विचारतात, मग तुझ्या त्या सहीचा कागद महत्त्वाचा. अटकेचा पंचनामा होता की नुसती ताब्यात घेऊन सोडल्याची नोंद? तुला अटकेची कारणं सांगितली का, डॉक्टरकडे नेलं का, घरी कळवलं का? यातलं काहीच नसेल तर बहुतेक ती अटक नव्हतीच, पण कागद बघितल्याशिवाय मी शपथेवर सांगणार नाही आणि तूही सांगू नको. जून २०२५ पासून तिकडे स्टुडंट व्हिसाला सोशल मीडिया प्रोफाइल पब्लिक ठेवायला लावतात, आणि जॉर्जटाउन विद्यापीठातले भारतीय संशोधक बदर खान सूरी यांना मार्च २०२५ मध्ये याच विषयावरून उचललं होतं, मे महिन्यात कोर्टाने सोडलं. घाबरवत नाहीये, तिकडच्या इमिग्रेशन वकिलाला आत्ताच विचार, तो माझा प्रांत नाही.

राज्य सरकार राजकीय-सामाजिक आंदोलनातल्या केसेस मागे घ्यायचे जीआर अधूनमधून काढतं, ठराविक तारखेपर्यंतच्या. त्याच्यावर विसंबू नको, पण तुझी तारीख कधी त्यात बसली तर अर्ज टाकायला विसरू पण नको.

एफआयआर पोलिसांच्या वेबसाइटवर बहुतेक सापडेल, नाहीतर गुरुवारी लेखी अर्ज करून कॉपी माग. ती, त्या रविवारचा ३७ चा आदेश, आणि पाट्यांचे फोटो, तिन्ही पाठव. बाकीच्या दहा जणांना पण आज संध्याकाळीच सांग, दंड कोणी भरायचा नाही, कारण त्यातल्या एकाने जरी गुरुवारी जाऊन कबुली दिली ना तर उरलेल्यांच्या वकिलाला उगाच डोकेदुखी.