वाचकांचे प्रश्न : घरात बाळ येणार, गाडी कोणती घ्यावी?

पत्नीला सहावा महिना आहे. आतापर्यंत दुचाकीवर भागलं. आता दहा-बारा लाखांत गाडी घ्यायची आहे. आई-बाबा सोबत राहतात. हॅचबॅक, छोटी सेडान की छोटी एसयूव्ही? (चिंचवड)

गाडीचा प्रकार जरा बाजूला ठेवा आणि आधी बाळाची सीट घ्या. तीच काखोटीला मारून शोरूममध्ये जा. सेल्समन सनरूफ दाखवत असेल तेव्हा तुम्ही मागचं दार उघडून सीट बसवून बघा. निम्म्या गाड्या तिथेच बाद होतील.

नवजात बाळाची सीट मागच्या बाकावर उलट्या तोंडाने, म्हणजे बाळाची पाठ गाडीच्या पुढच्या बाजूला येईल अशी, तिरकी बसते. मोठ्या माणसाच्या गुडघ्यांना लागत नाही तेवढी जागा तिला लागते. म्हणून चालवणाऱ्याने आधी आपली सीट रोजच्यासारखी लावावी. मग बाळाची सीट डाव्या बाजूला, म्हणजे फुटपाथकडे, बसवावी. तिच्यापायी पुढची डावी सीट किती सरकवावी लागते ते बघा आणि बाबांना तिथे बसवा. गुडघे डॅशबोर्डला टेकले तर ती गाडी तुमची नाही.

तुमच्या घरात चार मोठी माणसं आणि एक बाळ आहे. म्हणजे मागे बाळाच्या शेजारी दोघं बसणार, त्यातलं एक मधे. इथे हमखास एक गोष्ट राहून जाते : बाळाची सीट मधल्या पट्ट्याच्या बकलवर चढून बसते आणि तो पट्टा लागतच नाही. त्यामुळे आईंना मधे बसवून पट्टा लावायला सांगा. ‘क्लिक’ असा आवाज यायला हवा. रुंदीचे आकडे वाचून हे कळत नाही.

आता आयसोफिक्स, म्हणजे बाळाची सीट पट्ट्याऐवजी थेट गाडीला अडकवायची सोय. मागच्या बाकाची पाठ आणि गादी जिथे मिळतात त्या फटीत सहा मिलिमीटर जाडीच्या दोन लोखंडी दांड्या असतात, एकमेकींपासून २८ सेंटीमीटरवर. बाळाच्या सीटचे आकडे, म्हणजे हूक, त्यांना अडकतात. फटीत बोट घालून बघा. काही गाड्यांत दांड्या इतक्या आत आणि फोम इतका कडक असतो की आकडा पोचवताना घाम फुटतो. सीटच्या बेसला, म्हणजे खालच्या बैठकीला, जमिनीवर टेकणारा पाय असेल तर तो टेकतो तिथे खाली सामानाचा कप्पा नको, कारण धडक बसली की झाकण खचतं. बसवून झाल्यावर बेस धरून हलवा. अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलला तर नीट बसलेला नाही.

सेडान खाली असते, शिवाय मागे छत उतरतं. सिझेरियन झालेल्या बाईला चार किलोचं बाळ घेऊन कमरेतून वाकायचं म्हणजे शिक्षा. गादी अशा उंचीवर हवी की कुल्ले टेकवून नुसतं आत वळता यावं. दार किती उघडतं तेही बघा. टाटाच्या पंच आणि अल्ट्रोझची दारं ९० अंशांत उघडतात. सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये ती तेवढी उघडणार नाहीत, ही गोष्ट वेगळी.

डिकीच्या लिटरवर फार जाऊ नका. डिझायर आणि नेक्सॉन दोन्हींची डिकी ३८२ लिटरची, पण सेडानचं तोंड लहान असतं, घडी केलेली बाबागाडी त्यात तिरकी करून कोंबावी लागते. नेक्सॉनमध्ये ती उभीही जाते. स्विफ्टच्या २६५ लिटरमध्ये बाबागाडी गेली की कोल्हापूरची बॅग मांडीवर.

सुरक्षेचे तारे बघताना एक लक्षात ठेवा. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांच्या धडक-चाचणीत मोठ्यांचे गुण ३२ पैकी आणि मुलांचे ४९ पैकी, असे वेगवेगळे दिलेले असतात. जाहिरातीत एकच आकडा मोठा छापतात. तुम्ही दुसरा विचारा.

एकूण आमचा कल छोट्या एसयूव्हीकडे, तोही सनरूफ नसलेल्या व्हेरिएंटकडे. एप्रिल-मेमध्ये काचेखाली बाळ तापतं. तेच पैसे मागच्या एसी व्हेंटला द्या. फक्त तो वारा बाळाच्या सीटच्या पाठीवर आपटून परत येत नाही ना, ते हात धरून बघा.

रोज कल्याण ते ठाणे जातो, म्हणून सीएनजी घ्यायचा विचार आहे. बाळाच्या दृष्टीने काही अडचण? (कल्याण)

अडचण डिकीची. एकच मोठा सिलिंडर असला तर बाबागाडी विसरा. दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी आडवे बसवलेल्या गाड्या त्यातल्या त्यात बऱ्या. पंचची पेट्रोल डिकी ३६६ लिटरची, सीएनजीची २१०. स्टेपनी कुठे ठेवली आहे तेही विचारा. सामान भरलेलं असताना ती काढावी लागली तर काय, हा विचार शोरूममध्येच केलेला बरा.

दुसरी अडचण आधी कोणाच्या ध्यानात येत नाही. सीएनजी भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं आणि बाळ तेवढ्यातच झोपलेलं असतं. त्यासाठी बेसवरून कडीसकट उचलता येणारी सीट घ्या, म्हणजे बाळाला न सोडवता बाहेर नेता येईल. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, लागते. तारीख लिहून ठेवा.

हॉस्पिटलपासून घर सहा किलोमीटर. सासूबाई म्हणतात, बाळ मांडीवर घेऊन बसते, सीटवर पैसे कशाला? (सांगली)

सासूबाईंची माया खरी, पण हिशोब त्यांच्या बाजूने नाही. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी अर्ध्या मीटरात थांबली तर चार किलोचं बाळ हातात साधारण ८० किलोच्या ताकदीने ओढलं जातं. तेवढं कोणाच्याही हातून सुटेल. कायद्यातही, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४बी प्रमाणे, चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बाळाची सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे.

त्यांना बाळाशेजारी मागेच बसवा, म्हणजे लक्षही राहील. पुढे मात्र, एअरबॅग चालू असलेल्या सीटवर, उलट्या तोंडाची सीट कधीच नको. एअरबॅग फुगली की ती थेट बाळाच्या डोक्यामागे असलेल्या सीटच्या पाठीवर आदळते.

बाळाला दुपट्यात गुंडाळून सीटमध्ये ठेवू नका. पट्टे दुपट्यावर बसतात, दुपटं दबतं आणि पट्टे ढिले होतात. साध्या कपड्यांत बसवा, पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून येऊ द्या. ते इतके आवळा की खांद्याजवळ पट्ट्याची चिमूट धरता येऊ नये. दुपटं वरून पांघरा. हनुवटी छातीला टेकत असेल तर सीट जास्त उभी आहे, श्वास कोंडू शकतो. पहिला महिनाभर एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवू नये. तुमचे सहा किलोमीटर त्यात आरामात बसतात.

चार लाखांत जुनी गाडी बघतोय. बाळासाठी खास काय तपासावं? (नाशिक)

मागचे सगळे पट्टे शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या टोकाला चिखलाचा वास, बुरशी किंवा पाण्याची पुसट रेघ दिसली तर गाडी पुरात उभी होती असं समजा. सीट कव्हर बदलतात, पट्ट्याची आतली टोकं कोणी धूत नाही. झटका दिल्यावर पट्टा अडकलाच पाहिजे. पट्ट्याच्या लेबलवरचं वर्ष गाडीच्या वर्षाशी जुळतं का बघा. नसेल जुळत तर पट्टा का बदलला ते विचारा.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझलाच नाही तर बिघाड. लागलाच नाही तर कोणी तो मुद्दाम काढून ठेवला असण्याची शक्यता, आणि हे जास्त वाईट.

आयसोफिक्स नसलं तर पट्ट्याने बांधायची सीट चालते, पण बऱ्याच गाड्यांत मागचा पट्टा आखूड पडतो. सौदा ठरवण्याआधी सीट बांधून बघा. मधल्या जागी नुसता कमरेचा पट्टा असेल तर तीन टोकांचा पट्टा लागणारी सीट तिथे बसणार नाही, ती कडेलाच लागेल. गाडी जुनी घेतलीत तरी सीट मात्र नवीच घ्या, किंवा तिला कधी अपघात झाला नाही हे ज्यांच्याबद्दल खात्रीने माहीत आहे अशा घरचीच. सीटच्या मागे नारिंगी लेबल असतं, त्यावर आर४४/०४ किंवा आर१२९ हे बाळाच्या सीटच्या सुरक्षेचं मानक लिहिलेलं असलं पाहिजे.