समकालीन कलेच्या संग्रहालयात संवर्धन विभागप्रमुखाचं काम काय असतं? कलाकार हयात असताना संवर्धनाची गरज काय?

तुम्ही जळगावात रसायनशास्त्रात बी.एस्सी. करताय, चित्रकलेची ओढ आहे, आणि पुढे समकालीन कलेच्या संग्रहालयात संवर्धन विभागाचं प्रमुखपद मिळवायचं तर काय शिकावं, काम काय असतं, पगार किती, असं विचारलंय. त्याखाली एक ओळ आहे: ‘पण कलाकार जिवंत असतील तर संवर्धन कशाला? खराब झालं तर ते नवं करून देतील ना?’ बाकीच्या प्रश्नांना कुणीही उत्तर दिलं असतं, मी लिहायला बसले ती या ओळीमुळे. हेच वाक्य मी आमच्या संग्रहालयाच्या तेव्हाच्या संचालकांच्या तोंडून बैठकांमध्ये पुन्हा पुन्हा ऐकलं आहे, आणि ते साफ चूक आहे.

शिक्षणाचं आधी उरकते. रसायनशास्त्र सोडू नका. नोएडाच्या भारतीय वारसा संस्थेत, म्हणजे पूर्वीच्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेत, संवर्धनात एम.ए. करता येतं. लखनौला केंद्र सरकारची संवर्धन प्रयोगशाळा १९७६ पासून आहे, तिथे प्रशिक्षण मिळतं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, तिथे शिकाऊ म्हणून जागा मिळाली तर डोळे झाकून घ्या. पगार संस्थेगणिक फार बदलतो, आकडा सांगून तुमची दिशाभूल करणार नाही.

आता काम. हातात ब्रश घेऊन दुरुस्ती करणं हे प्रमुखाच्या वाट्याला सगळ्यात कमी येतं. कागद आणि कापडावर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू नये म्हणून दिवे लावणाऱ्यांशी भांडायचं. नव्याने आलेली लाकडाची, धाग्याची वस्तू आधी वेगळ्या खोलीत ठेवून घुण आणि कसर तपासायची, शंका आली तर उणे २० ते उणे ३० अंशांच्या फ्रीझरमध्ये टाकायची. उसनी जाणारी प्रत्येक कलाकृती जाताना आणि येताना कशी होती ते फोटोसह लिहून ठेवायचं. व्हिडिओची कामं असली तर जुन्या टेपवरून नव्या साठवणीत हलवत राहायचं, कारण टेप टिकली तरी ती चालवणारं यंत्र बाजारातून जातं. प्लॅस्टिकच्या कलाकृतींवर सगळ्यात कडक नजर ठेवायची. फोमचा भुगा होतो, पीव्हीसीला चिकट घाम सुटतो, लेटेक्स, म्हणजे रबराचा चीक, कडक होऊन तडकतं. एव्हा हेस या शिल्पकर्तीने १९६० च्या दशकाच्या शेवटी लेटेक्समध्ये केलेल्या कामांवर जगभरचे संवर्धक आजही डोकं खाजवताहेत, आणि ती १९७० मध्येच गेली, त्यामुळे विचारायला कुणी उरलं नाही.

पण या सगळ्याच्या वरचं काम म्हणजे दुसऱ्याचा हात वेळेवर धरणं. ते मला कुठल्या वर्गात शिकवलं नाही.

मी पहूरची, जामनेर तालुक्यातली. जळगावहून अजिंठ्याला जाणाऱ्या गाड्या आमच्या गावावरून जातात. लेणी पाहायला शाळेची सहल गेली तेव्हा भिंतीवरचा पिवळट काळसर थर दाखवून मी बाईंना विचारलं होतं, की चित्रं अशीच होती का. नव्हती. नकला करायला आलेल्या चित्रकारांनी रंग उठून दिसावेत म्हणून त्यांवर वार्निश फासलं, आणि पुढे १९२० च्या सुमारास निजामाने इटलीहून बोलावलेल्या संवर्धकांनी लाखेचा थर दिला. त्यांनी सुटलेले पोपडे भिंतीला पुन्हा धरून ठेवले, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण लाख पिवळी पडली, काळवंडली, तिने धूळ धरली, आणि ती काढण्यात पुरातत्त्व खात्याची कित्येक वर्षं गेली. वर काहीतरी लावलं की वस्तू सुरक्षित होते, हा समज किती महागात पडतो ते पाहायला खान्देशच्या माणसाला लांब जावं लागत नाही.

मी प्रमुख झाले त्याच सुमारास आमच्या संग्रहालयाने रावेर तालुक्यातल्या एका कलाकाराचं काम घेतलं. नाव देत नाही, त्यांना ते आवडणार नाही. केळीची सोपटं सोलून, खरवडून काढलेला धागा छतापासून जमिनीपर्यंत सोडलेला, मध्ये मध्ये शेणमातीचे गोळे, आणि सगळं सुताच्या जाड दोरीवर पेललेलं. संग्रहातलं इतकं जिवंत काम मी दुसरं पाहिलेलं नाही. त्यातून रोज थोडा धागा गळायचा.

ते गळणं संचालकांना खटकायचं. परदेशातल्या एका प्रदर्शनासाठी काम उसनं जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी फर्मावलं की यावर पारदर्शक कोटिंग मारा, म्हणजे गळणार नाही आणि चमकही येईल. मी लेखी नकार दिला, कारणांसह. केळीचा धागा हवेतली ओल घेतो आणि सोडतो, वरून थर दिला की तो ताठ होऊन मोडतो. अशा कोटिंगमधलं स्वस्त पॉलियुरेथेन उजेडात पिवळं पडतं, आणि दोन घटकांचं असेल तर एकदा पक्कं झाल्यावर ॲसिटोनसारख्या द्रावकात विरघळत नाही, नुसतं फुगतं. म्हणजे उद्या काढायचं म्हटलं तर धाग्यासकट निघणार. माझी चिठ्ठी फायलीत राहिली. मी घरच्या लग्नासाठी पहूरला गेले असताना प्रदर्शनाच्या ठेकेदाराकडून कामाच्या डाव्या बाजूवर फवारा मारून घेण्यात आला.

परत आल्यावर मी उरलेल्या कामावर कापड टाकलं, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे ठेवली. संचालकांचं म्हणणं, आता एक बाजू चमकते आणि एक नाही, हे वाईट दिसतं, तेव्हा उरलेलंही मारून टाका. मी म्हटलं, आधी कलाकाराला विचारू. त्यावर ते म्हणाले, ‘मॅडम, माणूस जिवंत आहे ना? मग काळजी कसली? बिघडलं तर नवं करून घेऊ.’

मी रावेरला गेले. भुसावळला उतरून फैजपूर, सावदा अशी एसटी, मे महिना, खिडकीच्या दांडीला हात लावता येत नव्हता. फैजपूर आलं की मला नेहमी १९३६ चं काँग्रेस अधिवेशन आठवतं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, आणि गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी तिथलं नगर बांबूसारख्या साध्या, गावाकडच्या सामानातून सजवलं होतं. ते अधिवेशनापुरतंच होतं, म्हणून गेलं, आणि त्यात काही चुकलं नाही. पण दोनच वर्षांनी हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी केलेली चित्रं आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जपलेली आहेत. कलाकार तोच, निमित्त तेच, तरी एक जाऊ द्यायचं आणि एक राखायचं. हा निवाडा पदार्थाकडे बघून करता येत नाही, माणसाला विचारावं लागतं.

कलाकाराने, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, घराच्या ओसरीवर बसवलं. मी फोनवर फोटो दाखवले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ताई, तुमी तं त्याचं नाक दाबलं.’ त्यांच्या आईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, ‘केयीले कोनी रंग मारते का माय?’

मी परवानगी घेऊन रेकॉर्डर लावला आणि एकेक भाग विचारत गेले. नवं करून देता येईल का, हा माझा पहिला प्रश्न होता. नाही, म्हणाले. ज्यांचा धागा काढला ते खुंट, म्हणजे केळीची खोडं, एका उन्हाळी वादळात झोपलेल्या बागेतले होते, घड निसवलेली अख्खी बाग त्या संध्याकाळी आडवी झाली होती. तेव्हा त्यांच्याकडे बसराई जातीची केळी होती, आता ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) ग्रँड नैन जातीची आहे. धागा दुसऱ्या केळीचाही निघेल, पण ते काम त्या बागेचं आहे, दुसऱ्या धाग्याला आपलं नाव लावू देणार नाही. मग दोरीचं विचारलं. तर लगेच, ‘दोरी बदला नं खुशाल, ती बाजारातली हाये.’ मी त्या दोरीवर महिनाभर चिंता केली होती. आणि गळलेला धागा? तो उचलायचा नाही, जिथे पडला तिथेच राहू द्यायचा, कामाखाली तो साचत जाणं हाच कामाचा भाग. आमच्याकडे रोज सकाळी ती जागा झाडून लख्ख केली जात होती! चूक झाडणाऱ्या मावशींची नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, कारण कलाकाराला कुणी विचारलंच नव्हतं.

हे सगळं कागदावर उतरवून, भाऊंची सही घेऊन मी विश्वस्तांपुढे ठेवलं. सोबत कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५७ जोडलं. कलाकृती विकली तरी तिची मोडतोड किंवा प्रतिष्ठेला बाधा येईल असा बदल झाला, तर कलाकार दाद मागू शकतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं कांस्य भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं होतं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ५ लाख रुपये भरपाई आणि शिल्पाचे उरलेले अवशेष त्यांना परत द्यायला सांगितलं. हा निकाल वाचल्यावर बैठकीतला सूर बदलला. काम उसनं गेलं नाही, उरलेल्या बाजूवर फवारा पडला नाही. फवारलेल्या बाजूचं काय करायचं ते गळलेल्या धाग्यांवर वेगवेगळी द्रावणं लावून पाहिलं. सुटत नाही. म्हणून भाऊंच्या संमतीने ती तशीच ठेवली आणि शेजारच्या पाटीवर काय झालं ते लिहिलं. पाटीला संचालकांचा विरोध होता. ती आजही आहे.

आज डावी बाजू जुन्या वार्निशसारखी तपकिरी पिवळी झालीय आणि तिचे धागे काडीसारखे मोडतात. उजवी बाजू फिकट झालीय, पण मऊ आहे आणि हलते. ‘संवर्धनवाले उगाच बाऊ करतात’ असं म्हणणाऱ्यांनी तिथे उभं राहून दोन्हीकडे पाहावं.

तेव्हा तुमच्या त्या ओळीचं उत्तर: कलाकार हयात असतो म्हणूनच संवर्धन आत्ता करायचं. नवं करून घ्यायला नाही, विचारून घ्यायला. काम संग्रहात येतं त्याच आठवड्यात मुलाखत झाली पाहिजे. काय बदललेलं चालेल, काय नाही, पडलं तर काय, दिवा गेला तर कोणता, आवाज किती, धूळ पुसायची की नाही. कलाकार शीला गौडा यांनी १९९० च्या दशकापासून शेण आणि कुंकू वापरून केलेली कामं घ्या. अशा पदार्थांबद्दल कुठलंही पाठ्यपुस्तक कलाकाराइतकं सांगू शकत नाही.

दोन गोष्टी राहिल्या, त्या सांगायलाच हव्यात. एक, कलाकाराचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही. काही जण वीस वर्षांनी येतात आणि जुनं काम ‘सुधारू’ म्हणतात, तेव्हा त्यांनाही थांबवावं लागतं, आणि पहिल्या मुलाखतीचा कागद तिथेच कामी येतो. दोन, मी कोटिंगच्या विरोधात आहे असं समजू नका. उघड्यावरच्या लोखंडी शिल्पाला थर लागतोच, आणि पॅरालॉइड बी-७२ सारखं राळद्रव्य आम्ही नेहमी वापरतो, कारण ते वर्षांनंतरही ॲसिटोनने काढता येतं. माझं भांडण परत न निघणाऱ्या गोष्टीशी आहे. शिवाय मी खासगी संस्थेत आहे. सरकारी संग्रहालयात नियम, फायली आणि अधिकार वेगळे असतात, तिथलं तिथल्या माणसाला विचारा.

पदासाठी मुलाखतीला गेलात तर एवढं नक्की विचारा, की प्रमुखाचा लेखी नकार संचालकांना एकट्याने डावलता येतो का. येत असेल तर पद मोठं असलं तरी तुम्ही तिथे फक्त अहवाल लिहाल.

तोवर जळगावात बसून एक करा. ओळखीच्या शेतकऱ्याकडून काढणी झालेला खुंट आणा, धागा काढून सावलीत वाळवा. एक जुडी तशीच ठेवा, एकीला बाजारातलं पॉलियुरेथेन लावा, एकीला ॲसिटोनमध्ये पातळ केलेलं बी-७२. तिन्ही जुड्यांचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून त्या दक्षिणेच्या खिडकीत ठेवा, खान्देशचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. दर महिन्याला फोटो काढा, शेवटी दोन्ही थर ॲसिटोनने काढून पाहा. प्रवेशाच्या मुलाखतीला ती वही आणि त्या जुड्या सोबत न्या.