लम्ब्रिजमध्ये उतरल्यावर काय करायचे?

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी अनेक पत्रे ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या ऑनलाइन खेळाविषयी आहेत. तलवारी, जादू, राक्षस आणि राजवाडे यांच्या कल्पित जगात एकाच वेळी हजारो माणसे वावरतात, असा हा खेळ आहे. त्यात नुकतेच शिरलेल्यांच्या निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिले पत्र मोठे आहे आणि त्याचे उत्तरही मोठे झाले आहे.

प्रश्न : पुतण्याच्या आग्रहावरून मी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हा खेळ सुरू केला. चित्रे पाहून पहिल्यांदा हसू आले, कारण माणसांची तोंडे ठोकळ्यासारखी आणि झाडे कागद दुमडून केल्यासारखी दिसतात. सुरुवातीच्या बेटावर लाकूड तोडणे, कोळंबी पकडणे, पाव भाजणे आणि उंदीर मारणे शिकवले गेले. नंतर मला लम्ब्रिज नावाच्या गावात आणून सोडले आणि तिथून पुढे काय करायचे हे ठामपणे कोणीच सांगेना. आजूबाजूला अनेक जण मुकाट्याने झाडे तोडत होते, मी नमस्कार केला तर कोणी उत्तरही दिले नाही. हा खेळ आहे की मजुरी? आणि लोक यात वर्षानुवर्षे का रमतात? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमचे निरीक्षण अचूक आहे. फक्त ज्या गोष्टी तुम्हाला उणिवा वाटल्या, त्यांतल्या बहुतेक जाणूनबुजून राखलेल्या आहेत. केंब्रिजच्या अँड्र्यू गॉवर यांनी भावांच्या मदतीने तयार केलेला ‘रूनस्केप’ जानेवारी २००१ मध्ये लोकांसमोर आला. तो ब्राउझरमध्येच चालत असे, वेगळे काही बसवावे लागत नसे, त्यामुळे शाळेतल्या किंवा सायबर कॅफेतल्या साध्या संगणकावरही तो खेळता येई. पुढे ‘जॅजेक्स’ कंपनीने त्यात सतत बदल केले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये लढाईची पद्धतच मुळापासून बदलली. जुने खेळाडू मोठ्या संख्येने दुरावले. तेव्हा कंपनीने ऑगस्ट २००७ मधली खेळाची जपून ठेवलेली प्रत पुन्हा सुरू करावी का, असे मतदान घेतले, त्यात चार लाखांहून अधिक मते पडली, आणि २२ फेब्रुवारी २०१३ रोजी ‘ओल्ड स्कूल’ सुरू झाला. तेव्हापासून या खेळात मोठी भर घालायची झाली की प्रस्ताव खेळाडूंपुढे ठेवला जातो. मंजुरीसाठी आधी ७५ टक्के मते लागत, २०२२ पासून ७० टक्के लागतात. २०२५ मध्ये आलेले नौकानयनाचे कौशल्यही अशाच मतदानांतून आले. तेव्हा ते ठोकळ्यासारखे चेहरे नाइलाजाने उरलेले नाहीत, खेळणाऱ्यांनी हट्टाने परत मागून घेतलेले आहेत. मला स्वतःला ते आता देखणे वाटतात, पण तुम्हालाही तसेच वाटले पाहिजे असा आग्रह नाही.

आता पुढे काय करायचे, याविषयी. या खेळाला ठरलेली एक कथा नाही आणि शेवटही नाही. कौशल्ये आहेत, मोहिमा आहेत, बाजार आहे आणि चालायला मोठा मुलूख आहे. कशाला हात घालायचा ते तुमच्यावर सोडलेले आहे. तरीही सुरुवात कुठून करावी असे विचाराल, तर लम्ब्रिजच्या किल्ल्यातल्या स्वयंपाकघरात जा. तिथला आचारी हवालदिल झालेला आहे, कारण ड्यूकच्या वाढदिवसाचा केक करायचा आहे आणि सामान आणायचे तो विसरला आहे. त्याला एक अंडे, बादलीभर दूध आणि भांडेभर पीठ हवे असते. अंडे जवळच्या कोंबड्यांच्या आवारात मिळते, दूध गाईचे काढावे लागते, आणि खरी गंमत पिठात आहे. ते कोणी आयते देत नाही. शेतातून गहू घ्यायचा, गावाच्या उत्तरेच्या पवनचक्कीत शिडीने सर्वांत वरच्या मजल्यावर जायचे, गहू चाडीत टाकायचा, तरफ ओढायची आणि मग खाली तळमजल्यावर येऊन रिकाम्या भांड्यात पीठ भरून घ्यायचे. पहिल्यांदा बहुतेक जण भांडे न घेताच येतात आणि पुन्हा हेलपाटा घालतात. बक्षीस म्हणून मोहिमेचा एक गुण आणि स्वयंपाकाचे ३०० अनुभवगुण मिळतात. रक्कम किरकोळ आहे. पण तेवढ्या वेळात तुम्हाला गाव, शेत, गिरणी आणि किल्ला कुठे आहेत हे पाठ होते, आणि ही शिकवण कोणत्याही सूचनाफलकाविना झालेली असते. या खेळाच्या कर्त्यांची हुशारी मला इथे सर्वांत जास्त दिसते. दुसरी हुशारी संवादांत आहे. ते खास ब्रिटिश धाटणीचे, मिश्कील आहेत आणि घाईने क्लिक करत पुढे गेलात तर सगळे वाया जाते.

‘मजुरी’ या शब्दाशी मी अर्धा सहमत आहे. कोणत्याही कौशल्यात पहिल्या पातळीवरून दुसरीवर जायला ८३ अनुभवगुण लागतात. साध्या झाडाच्या एका ओंडक्याला २५ गुण मिळतात, म्हणजे चार ओंडक्यांत काम होते आणि नवख्याला हुरूप येतो. नव्याण्णवाव्या पातळीसाठी मात्र एकूण १,३०,३४,४३१ गुण लागतात. ते निव्वळ यू जातीच्या झाडांवर मिळवायचे म्हटले, तर एका ओंडक्याला १७५ या हिशेबाने ७४ हजारांहून अधिक ओंडके तोडावे लागतील, आणि झोळीत एका वेळी मावतात २८. त्याहून क्रूर बाब अशी, की ब्याण्णवाव्या पातळीला पोहोचलेला खेळाडू आकड्यांच्या दृष्टीने जेमतेम निम्म्या वाटेवर असतो, कारण तिथे ६५,१७,२५३ गुण झालेले असतात. हे समजून उमजून पत्करणारी माणसे आहेत, आणि त्यांतली बरीचशी खेळाकडे पूर्ण लक्ष देतही नाहीत. एका बाजूला नोकरीचे काम किंवा अभ्यास चालू असतो आणि दुसऱ्या बाजूला झाड तुटत असते.

तुमच्या नमस्काराला उत्तर का आले नाही, याचे कारणही हेच असावे. सार्वजनिक बोलणे डोक्यावर क्षणभर दिसते आणि नाहीसे होते. समोरचा पडद्याकडे पाहत नसेल तर ते त्याला कळतही नाही. शिवाय नियमित खेळणारे आपापल्या गटाच्या खासगी संभाषणात बोलत असतात, ते बाहेरच्याला दिसत नाही. आणि झाडे तोडणाऱ्यांतली काही माणसे नसतातच. ती नियम मोडून संगणक-प्रोग्रॅमकडून चालवलेली पात्रे असतात, त्यांना इथले लोक ‘बॉट’ म्हणतात. नवख्यांच्या गावाजवळ त्यांचा सुळसुळाट जास्त असतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी जग मुके वाटते. बोलकी माणसे हवी असतील तर व्हॅरॉक शहराच्या वायव्येला ‘ग्रँड एक्सचेंज’ आहे, तिथे जा. खेळातला विकता येणारा बहुतेक माल तिथे विकत मिळतो, भाव मागणी-पुरवठ्यावर ठरतात, आणि चौकात दिवसभर गप्पा, बढाया आणि भांडणे चालतात. तुम्ही तोडलेला ओंडका तिथे दूरदेशीचा कोणी धनुष्य करण्यासाठी विकत घेतो. मजुरीला अर्थ येतो तो या बाजारामुळे, आणि लोक का रमतात या तुमच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर राक्षसांत नसून तिथे आहे.

एक विनंती मात्र आहे. पहिले काही दिवस ‘सर्वांत वेगवान मार्ग’ सांगणारे व्हिडिओ पाहू नका. ते चुकीचे नसतात, पण न बघितलेल्या जगाचा हिशेब आधीच हाती आला, की बघायचे काही उरत नाही.

प्रश्न : मी क्लिक केल्यानंतर पात्र किंचित थांबून हलते. आमचे इंटरनेट मंद आहे का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : काही अंशी असू शकेल, पण मुख्य कारण वेगळे आहे. या खेळाचे जग ०.६ सेकंदाच्या ठोक्यांवर चालते. चालणे, वार करणे, खाणे हे सर्व पुढच्या ठोक्याला घडते, त्यामुळे लंडनमध्ये बसलेल्या खेळाडूलाही तो थांबा जाणवतो. मुरलेले खेळाडू या ठोक्यांवर ताल धरूनच लढतात. इंटरनेटचा भाग कमी करायचा असेल, तर प्रवेशाच्या वेळी दिसणाऱ्या यादीत प्रत्येक ‘वर्ल्ड’ (म्हणजे त्याच जगाची वेगळ्या सर्व्हरवर चालणारी प्रत) कोणत्या देशात आहे ते लिहिलेले असते, त्यांतले दोन-तीन वापरून पाहून त्यातल्या त्यात चपळ वाटेल ते निवडावे.

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा हा खेळ खेळतो. एका अनोळखी खेळाडूने त्याला ‘पैसे दुप्पट करून देतो’ असे सांगितले, दोनदा खरोखर दुप्पट करून दिले आणि तिसऱ्यांदा सगळे घेऊन पळाला. दुसऱ्या एकाने ‘चांगले चिलखत देतो, माझ्याबरोबर चल’ म्हणून उत्तरेला नेले आणि ठार मारून सामान लुटले. मुलगा दोन दिवस रडवेला होता. हे थांबवता येते का? (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर : खेळ खेळण्यासाठी किमान वय १३ आहे, त्यामुळे नियमाच्या बाजूने अडचण नाही. पहिली फसवणूक खेळाइतकीच जुनी आहे. थोडे दुप्पट करून विश्वास संपादन करणे हा त्या धंद्यातला भांडवली खर्च असतो. ती नियमबाह्य आहे आणि अशा खेळाडूची तक्रार खेळातूनच करता येते, परंतु गेलेला माल कंपनी परत देत नाही, हे मुलाला स्पष्ट सांगावे. देवाणघेवाणीत दोन पडदे येतात आणि दुसऱ्या पडद्यावर काय जाणार आणि काय येणार याची यादी असते. ती वाचल्याशिवाय होकार न देण्याची सवय लावली, तर हातचलाखीचे बरेच प्रकार टळतात. ‘आधी तू दे, मग मी देतो’ असे कोणी म्हणाले, तर तिथेच खिडकी बंद करावी.

दुसरा प्रकार निराळा आहे. व्हॅरॉक आणि एजव्हिल यांच्या उत्तरेला एक चर आहे. त्याच्या पलीकडचा प्रदेश ‘वाइल्डरनेस’, आणि तिथे खेळाडूने खेळाडूला मारणे मान्य आहे. आत जाल तशी त्या प्रदेशाची पातळी वाढते आणि अधिकाधिक बलाढ्य खेळाडू तुमच्यावर हल्ला करू शकतात. विसाव्या पातळीच्या पुढे तर जादूने पळून जाण्याचे बहुतेक मार्गही चालत नाहीत. ज्याने स्वतः हल्ला केलेला नाही, त्याच्याकडच्या सर्वांत मौल्यवान तीन वस्तू सामान्यतः मृत्यूनंतरही राहतात, बाकीच्या मारणाऱ्याच्या होतात. इतरत्र मरण आले तर सामान पंधरा मिनिटे थडग्यात सुरक्षित असते आणि धावत जाऊन परत घेता येते. हा फरक नवख्यांना ठाऊक नसतो आणि लुटारू नेमका त्याचाच फायदा घेतात. मुलाला बंदी घालण्यापेक्षा, चर ओलांडताना गेले तरी चालेल एवढेच सामान अंगावर ठेवायचे, हा एक नियम घालून द्या.

तिसरी फसवणूक अद्याप त्याच्या वाट्याला आली नसेल, पण येईल. कोणीतरी म्हणेल, की पासवर्ड उलटा टाइप केला तर खेळ तो आपोआप तारकांनी झाकतो, करून बघ. खेळ असा उलटा पासवर्ड झाकत नाही. कंपनीच्या कर्मचाऱ्याच्या नावापुढे सोनेरी मुकुट असतो, आणि तोही पासवर्ड कधी विचारत नाही. खात्याला दुहेरी पडताळणी आजच लावून घ्यावी.

प्रश्न : खेळ फुकट म्हणतात, मग पैसे मागणारा ‘बाँड’ हा काय प्रकार आहे? मुलीने तो घेऊ द्यावा म्हणून हट्ट धरला आहे. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : जगाचा एक भाग विनामूल्य आहे आणि मोठा भाग सदस्यांसाठी राखीव आहे. सदस्यत्वासाठी थेट वर्गणी भरता येते, किंवा बाँड घेता येतो. खऱ्या पैशांनी घेतलेला बाँड खेळातल्या बाजारात नाण्यांच्या बदल्यात विकता येतो. तो विकत घेणारा दुसरा खेळाडू तो वापरून चौदा दिवसांचे सदस्यत्व मिळवतो. म्हणजे एकाने पैसे दिले आणि दुसऱ्याने वेळ दिला, असा हा व्यवहार आहे. बाहेरच्या माणसांकडून परस्पर नाणी विकत घेण्याला बंदी आहे आणि त्यात खाते कायमचे जाऊ शकते, त्याच्या तुलनेत बाँड हा वैध मार्ग आहे.

तरीही नवख्याने बाँड विकून श्रीमंत होऊ नये, असे माझे मत आहे. ज्या खेळात पहिली पोलादी तलवार मिळवणे हाच पहिल्या आठवड्यातला आनंद असतो, तिथे ती पाकिटातून काढून दिली की आनंदही तेवढ्यापुरताच राहतो. मुलीने विनामूल्य भागातल्या मोहिमा पुऱ्या कराव्यात, त्यानंतरही ओढ टिकली तर एका महिन्याची वर्गणी भरावी. एका महिन्यात तिला आणि तुम्हालाही पुढचे ठरवता येईल.

प्रश्न : ‘रूनस्केप’ आणि ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या दोन्हींत नेमके कोणते सुरू करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोन्ही एकाच कंपनीचे आहेत आणि दोन्ही चालू आहेत. पहिल्यात चित्रे आधुनिक आणि लढाईत अनेक बटणे, दुसऱ्यात जुने रूप आणि साधी लढाई. सोबतीला ओळखीचा कोणी असेल तर तो जिथे आहे तिथे जावे. कोणीच नसेल तर ‘ओल्ड स्कूल’ निवडावा, कारण तिथली गर्दी जास्त आहे.

प्रश्न : संगणकावर सुरू केलेले पात्र मोबाईलवर चालवता येईल का? की दोन्हीकडे वेगळे खाते लागते? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : खाते एकच पुरते. ऑक्टोबर २०१८ पासून मोबाईलवर हाच खेळ, हेच जग आणि हीच माणसे आहेत. झाडे तोडणे, मासे पकडणे अशा संथ कामांना मोबाईल उत्तम आहे. लढाईत मात्र बोटाखाली नेमके काय दाबले जाते याचा भरवसा नसतो, त्यामुळे वाइल्डरनेसच्या आसपास फिरायचे असेल तर संगणकावरूनच फिरावे.