एकाच घरातल्या भावंडांनी जन्मभर जग बँड (जग म्हणजे इथे पाण्याचं भांडं, इंग्रजी jug) किंवा ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत) वाजवल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि माझं फार जिव्हाळ्याचं आहे: अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या बोल्टनचे चॅटमन बंधू. वडील हेंडरसन यांनी गुलामगिरी भोगलेली, आणि ते फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायचे. मुलांच्या हातीही लहानपणीच वाद्यं आली. दिवसा शेतमजुरी, रात्री नाचाच्या ठिकाणी वाजवणं, असं ते घर.

पुढे त्या भावांतल्या लॉनीने वॉल्टर विन्सन या गिटारवाल्याला घेऊन ‘मिसिसिपी शीक्स’ हा ताफा उभा केला. बो आणि सॅम हे भाऊही अधूनमधून त्यात असत. 1930 साली त्यांनी रेकॉर्ड केलेलं ‘सिटिंग ऑन टॉप ऑफ द वर्ल्ड’ पुढे ब्लूज गायक हाउलिन वुल्फने गायलं, क्रीम या ब्रिटिश रॉक बँडनेही गायलं.

काटेकोर बोलायचं तर हा जग बँड नव्हे, तंतुवाद्यांचा ताफा. जग बँडमध्ये रिकाम्या भांड्याच्या तोंडाशी ओठ फुरफुरवतात. तो आवाज आत घुमतो आणि खर्जाची बाजू सांभाळतो. 1927 पासून रेकॉर्ड काढणारा विल शेडचा ‘मेम्फिस जग बँड’ त्यातला नावाजलेला. पण दोघांचा धंदा एकच, आपल्याकडच्या वरातीतल्या बँडसारखा: समोरचे ज्यावर नाचतील ते वाजवायचं. शीक्स गोऱ्यांच्या नाचालाही वाजवत, आणि तिथे वॉल्ट्झ हा जोडीने नाचायचा तीन मात्रांचा प्रकारसुद्धा यायलाच लागे. म्हणूनच ब्लूज म्हणजे नुसतं रडगाणं हे मला मुळीच पटत नाही.

‘जन्मभर’ म्हणाल तर बो आणि सॅमच्या वाट्याला ते सारखं आलं नाही. बो कार्टर या नावाने बोने शंभरावर गाणी रेकॉर्ड केली, बरीचशी चावट. पुढे त्याची दृष्टी गेली आणि 1964 मध्ये मेम्फिसला गरिबीतच तो वारला. सॅम मात्र मिसिसिपीतल्याच हॉलंडेलला शेतमळ्यांवर राबत राहिला. 1960 मध्ये क्रिस स्ट्राखविट्झ या रेकॉर्ड कंपनीवाल्याने त्याला गाठून रेकॉर्ड केलं, आणि त्यानंतर म्हातारपणी तो महोत्सवांतून गाऊ लागला. 1983 मध्ये गेला. मधली वर्षं रेकॉर्ड नाहीत म्हणून त्याची कारकीर्द तुटली असं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी 1978 मध्ये केलेलं त्याचं चित्रीकरण जरूर बघा: छातीवर पांढरी दाढी, गिटारवर बोटं अगदी सहज.

ऐकायला सुरुवात मात्र लॉनीच्या फिडलपासून करा. गायकाची ओळ संपते न संपते तोच ते फिडल तिला उत्तर देतं.