पोळा आठ दिवसांवर, शेजारी लम्पी

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आमच्याकडे गवळाऊ बैलजोडी, एक गाय आणि पाच महिन्यांची कालवड आहे. शेजारच्या गाईच्या अंगावर लम्पीच्या गाठी उठल्यात. पोळा आठ दिवसांवर आलाय. आज लस टोचली तर बैल तोरणात नेता येतील का? माय म्हणते, कडुनिंबाचा धूर केला की झालं.
— एक शेतकरी, कुही (जि. नागपूर)

उत्तर : नाही भाऊ, यंदा बैल घरच्या अंगणातच पुजा. अंगात ताप नसेल तर चौघांनाही लस लगेच टोचून घ्या, पण ती लागू पडायला तीनेक आठवडे जातात. लम्पीचा विषाणू देवी रोगाच्या विषाणूच्या कुळातला, म्हणून शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना चालते. दर जनावराला सुई मात्र नवी मागा. नोकरीच्या सुरुवातीला मी एकाच सुईने अख्खी दावण टोचायचो, कोणी हटकलंही नाही. आता आठवलं की लाज वाटते.

मधले तीन आठवडे तुमची गाठ हा रोग नेणाऱ्या चावऱ्या माशीशी. मायचं अगदीच खोटं नाही, धुराने माशी उठते. पण धूर विरला की परत येते, कारण तिची पैदास गव्हाणीखालीच होते, शेण-मुतात भिजलेल्या कुटारात. दिसायला ही घरमाशीच, फक्त सोंड सुईसारखी पुढे आलेली. डसते ती बहुतेक पायांना. बैल उभ्या-उभ्या पाय आपटत असले तर समजा, आली. ओलं कुटार दर तीन-चार दिवसांनी काढून गोठ्यापासून लांब, पातळ पसरा. ढीग घातला की आत ओल राहते. डबकी बुजवा, डासही हा रोग नेतात. गोचिडांसाठी कानाच्या आत आणि शेपटीखाली बघा. कपाशीवर फवारायचं औषध मात्र जनावराच्या अंगावर मारू नका. ती अंग चाटतात, विषबाधा होते.

शेजाऱ्याकडे पाणी पाजू नका, त्याच्या गाईला हात लावून थेट आपल्या गोठ्यात शिरू नका. माणसाला हा रोग होत नाही. दूध नेहमीसारखं उकळून प्या.

गाठींआधी ताप येतो. रोज सकाळी थर्मामीटर लावा. पारा १०३ फॅरनहाइटच्या वर गेला तर ते जनावर वेगळं बांधा आणि गाठींची वाट न पाहता जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या मदत-क्रमांकावर फोन करा.