आईनं बाओ गिळला अन् आमच्या घरात वाद पेटला

प्रश्न : ताई, पुतणीने परवा जेवणं झाल्यावर मोबाईलवर 'बाओ' नावाची ॲनिमेशन फिल्म लावली, आठेक मिनिटांची, डायलॉग एक नाही, मी, हे, सासूबाई, जाऊबाई सगळे बसलो बघायला. एक चिनी बाई बाओ (म्हणजे सारण भरून वाफवलेले, आपल्या उकडीच्या मोदकासारखे गोळे) करत असते, त्यातला एक जिवंत होतो, ती त्याला पोरासारखं वाढवते, तो मोठा होतो, मैत्रीण आणतो, घर सोडून निघतो तर ही दारात आडवी, आणि शेवटी उचलून गपकन गिळतेच त्याला! हे खो खो हसले, जाऊबाई म्हणाल्या असल्या आया असतात म्हणून सुना टिकत नाहीत, सासूबाई काही न बोलता आत गेल्या अन् मी रडत बसले. माझा मुलगा हिंजवडीला असतो, रविवारी फोन करतो तोही दोन मिनिटं. माझंच डोकं फिरलंय का?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : डोकं बिकं काही फिरलेलं नाही हो. २०१८ साली ही फिल्म पिक्सार या ॲनिमेशन कंपनीने आपल्या 'इन्क्रेडिबल्स २' सिनेमाच्या आधी थेटरात दाखवली तेव्हा अमेरिकेत पण हेच झालं, काही लोक हसले, काहींना कळेचना हे काय चाललंय, आणि चिनी घरांतली पोरं मात्र डोळे पुसत बाहेर आली. पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं तिला.

गिळण्याचं म्हणाल तर दिग्दर्शिका डोमी शी ही टोरांटोत वाढलेली एकुलती एक मुलगी, तिची आई तिला जवळ घेऊन म्हणायची की तुला परत पोटात घालून ठेवावं, म्हणजे तू कुठं आहेस ते मला कायम कळेल. आपल्यात आई लेकराचे अपराध पोटात घालते म्हणतात, ऐकायला किती गोड वाटतं, इथं तिनं अख्खं लेकरूच घातलं एवढाच फरक.

पण याला त्याग, भक्ती असलं काही मी म्हणणार नाही. पोरांबरोबर फुटबॉल खेळायला निघालेल्या बाओला ती ओढून आणते, तिथंच मला गुदमरल्यासारखं झालं. जाऊबाईंचं तेवढं खरं, पण शेवट त्यांनी नीट बघितला नसावा. गिळल्यावर ती स्वतःच हबकते, मग कळतं ते स्वप्न होतं, खरा मुलगा दारात उभा, बाप त्याला आत पिटाळतो (एरवी हा बाप भराभर खाऊन कामाला पळणारा, आमच्याकडचेच वाटतात बघा), आणि मायलेक पलंगावर बसून तेच बन खातात जे ती बसमध्ये बाओला भरवायची. 'सॉरी' नाही, मिठी नाही, नुसतं चावणं आणि रडणं. नंतर सगळे बाओ करायला बसतात, तर मुलाचा फसतो अन् होणाऱ्या सुनेचा झकास जमतो, तेव्हा सासूचं तोंड बघा परत एकदा.

मुलाला लिंक पाठवून द्या, खाली काही लिहू नका. आणि एक विचारू का, मला तुमच्यापेक्षा सासूबाईंचीच जास्त चुटपुट लागलीय. त्या आत का गेल्या ते कुणी विचारलं का? त्यांचा मुलगा तर तिथंच बसून हसत होता.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलाला दाखवली, तर आता चतुर्थीला मोदक खायला तयार नाही, म्हणतो त्याला दुखेल. काय करू?
– वाई, जि. सातारा

उत्तर : आधी तुम्ही बघायची अन् मग त्याला दाखवायची ना! आता त्यालाच सारण भरायला बसवा, वाकडातिकडा होऊ दे, स्वतः केलेला पोरं बहुतेक खातात. आणि तळणीचे करा, उकडीचा फार गोरा गुबगुबीत दिसतो, बाओच वाटेल त्याला.