बॅकअप कशावर ठेवावा: हार्ड डिस्क, एसएसडी, पेन ड्राइव्ह की डीव्हीडी?

टॅली, बिलं आणि डिझाइनच्या फायली मिळून तुमचा 600 जीबी डेटा आहे आणि तो कशावर ठेवावा, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, 2 टीबीच्या दोन साध्या यूएसबी हार्ड डिस्क घ्या आणि त्यातली एक कायम दुकानाबाहेर राहू द्या.

बाहेर का, ते सांगतो. आमचा छापखाना पुण्यात अरण्येश्वरला तळमजल्यावर होता. बॅकअप मी रोज न चुकता घ्यायचो, पण डिस्क कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खणात ठेवायचो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी आत शिरलं. सकाळी कॉम्प्युटरही चिखलात, डिस्कही चिखलात. सीएंकडे टॅलीची कॉपी होती म्हणून हिशेब तरी उभे राहिले. गिऱ्हाइकांची आठ वर्षांची डिझाइनं मात्र गेली ती गेलीच. त्यांना फोन करून तसं सांगताना फार जड गेलं.

एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी डिस्क, रोजच्या कामाला उत्तम, पण वीज न देता महिनोन् महिने कपाटात पडून राहिली तर ज्या विद्युत चार्जच्या रूपात तिच्यात डेटा असतो तो हळूहळू गळतो आणि उष्णतेत तो आणखी लवकर गळतो. पेन ड्राइव्हचंही तसंच, शिवाय स्वस्तातले बरेचदा खोट्या क्षमतेचे निघतात. डीव्हीडीवर 4.7 जीबी मावतात, म्हणजे तुम्हाला सव्वाशेच्या वर लागतील. डेटा साठवायची मॅग्नेटिक टेप टिकाऊ असते, पण तिचा ड्राइव्हच लाखांत जातो, तेव्हा तो विचार सोडा.

हार्ड डिस्क पडली की संपली, एवढं सांभाळा. आणि बॅकअप झाला की केबल काढाच. रॅन्समवेअर, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणारं व्हायरससारखं सॉफ्टवेअर, शिरलं तर जोडलेली प्रत्येक डिस्क ते कुलूपबंद करतं. दोन डिस्कचा रेड, म्हणजे एकीवरचं सगळं दुसरीवर आपोआप उतरवणारी जोडणी, लावला म्हणजे बॅकअप झाला, असं दुकानदार सांगतात ते मानू नका. एकीवरची फाइल चुकून पुसली की दुसरीवरूनही त्याच क्षणी जाते.

मी दर सोमवारी घरची डिस्क आणतो आणि इथली घरी नेतो. टॅलीचं फोल्डर लहान असतं, ते रोज क्लाउडवरही टाका. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. तेवढा काळ एकाच डिस्कवर विसंबू नका, दर तीन-चार वर्षांनी नवी घेऊन सगळं तिच्यावर उतरवा.

तीन महिन्यांतून एकदा घरच्या लॅपटॉपवर टॅली रिस्टोअर करून शेवटचं व्हाउचर उघडतंय का बघा. बाहेर जाणाऱ्या डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजमधलं पासवर्डचं कुलूप, लावा. त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा, डिस्कच्या पाउचमध्ये नको.